एएमवर शास्त्रीय संगीत लावावं का? ट्रान्समीटरच्या बाजूने उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की एका संगीतप्रेमी मंडळाला चालू स्थितीतलं मिडियम वेव्ह, म्हणजे एएम रेडिओचं, केंद्र मिळायची शक्यता आहे, १० किलोवॅटचा ट्रान्समीटर, मास्ट म्हणजे अँटेनाचा मनोरा, जमीन, लायसन्स सगळं आलं, त्यावर दिवसभर शास्त्रीय संगीत लावायचं त्यांच्या मनात आहे, एफएमला जागाच शिल्लक नाही, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो "एएमवर पाच किलोहर्ट्झच्या वर काही जात नाही, तिथे कसलं संगीत ऐकवताय". तर घ्यावं की सोडावं?

मी बरीच वर्षं मिडियम वेव्हच्या ट्रान्समीटर हॉलमध्ये आणि त्याच्या अलीकडच्या ऑडिओ चेनवर काढलीत, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने येणार हे धरून चाला. सरळ हो किंवा नाही देता येत नाही, कारण तुमचे श्रोते कुठे राहतात, कशावर ऐकतात आणि तुम्ही शास्त्रीय म्हणून नेमकं काय लावणार यावर सगळं आहे. पण ते पाच किलोहर्ट्झचं जे सगळे सांगतायत ना, ते चुकीच्या जागी बोट ठेवणं आहे, म्हणून आधी ते बाजूला करू.

मिडियम वेव्हला स्टेशनं अमेरिका खंडात १० आणि बाकी जवळपास सगळ्या जगात ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेली असतात. एएममध्ये कॅरिअरच्या, म्हणजे स्टेशनच्या मूळ लहरीच्या, दोन्ही बाजूंना साइडबँड, म्हणजे ऑडिओ नेणारे पट्टे, जातात, त्यामुळे शेजारच्या स्टेशनच्या हद्दीत अजिबात पाय टाकायचा नाही म्हटलं तर ऑडिओ साडेचार-पाच किलोहर्ट्झवर कापावा लागतो. प्रत्यक्षात बरीच केंद्रं त्याच्या वर जातात, अमेरिकेत तर १० किलोहर्ट्झपर्यंत ऑडिओ नियमात बसतो, पण त्याचा फायदा घरी पोचतच नाही कारण साधा रेडिओ सेट आतल्या फिल्टरने तीन-चार किलोहर्ट्झच्या वरचं सगळं छाटून टाकतो. एएमचा जो दबका आवाज म्हणतात तो बहुतेक वेळा त्या सेटचा असतो, ट्रान्समीटरचा नाही.

तरी धरून चालू की साडेचारच्या वर काही मिळत नाही. आता पियानोची सगळ्यात वरची पट्टी दाबली तर मूळ स्वर येतो ४१८६ हर्ट्झचा. गायकाचा तार सप्तकातला पंचम हजार हर्ट्झलाही पोचत नाही. म्हणजे स्वर सगळेच्या सगळे बसतात, श्रुतीसकट. जातं ते काय, तर तानपुऱ्याच्या जवारीची वरची चमक, तबल्याच्या किनारीवरच्या 'ना'चा टोकदारपणा, व्हायोलिनच्या गजाची घासणी, झांजांचा सगळा वरचा भाग. नुकसान आहेच, नाही म्हणत नाही, पण राग कळतो, बंदिशीचे शब्द कळतात, लय कळते, गाणारा कोण हे दोन आलापांत ओळखता येतं. कानाला दहा-पंधरा मिनिटांत त्या आवाजाची सवय होते आणि मग माणूस गाणं ऐकायला लागतो.

आणि हे काही नुसतं माझं म्हणणं नाही, इतिहास बघा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं रेडिओवरचं नातं १९३१ च्या नाताळात सुरू झालं, संगीतसंचालक तोस्कानिनींसाठी एनबीसी या अमेरिकी रेडिओ कंपनीने उभा केलेला ऑर्केस्ट्रा १९३७ पासून रेडिओवर वाजायला लागला, बीबीसीची संगीत-साहित्याची वाहिनी थर्ड प्रोग्राम १९४६ च्या सप्टेंबरात सुरू झाली ती मिडियम वेव्हवरच, कारण बीबीसीचं एफएम नियमितपणे सुरू व्हायला १९५५ उजाडलं. न्यूयॉर्कचंच डब्ल्यूक्यूएक्सआर तर १९३० च्या दशकात खास २० किलोहर्ट्झ रुंदीच्या प्रायोगिक चॅनेलवर, म्हणजे हाय-फाय एएम म्हणून जन्माला आलं आणि शास्त्रीय संगीतावरच वाढलं. त्या काळातल्या दोन पिढ्यांनी जो कान तयार केला तो एएमवर केला. तेव्हा "एएमवर शास्त्रीय संगीत होऊच शकत नाही" हे म्हणणं टिकत नाही.

मग बदललं काय? खरखर वाढली. आणि शास्त्रीय संगीताला एएमवर मारते ती खरखर, ट्रेबल नाही मारत.

हे नीट समजून घ्या कारण तुमचा निर्णय ह्याच्यावरच ठरणार आहे. तुमचा १० किलोवॅटचा ट्रान्समीटर, त्याचे १० किलोवॅट हे कॅरिअरचे, म्हणजे काहीही वाजत नसताना सुद्धा जाणारे. गाणं असतं ते साइडबँडमध्ये. मॉड्युलेशन म्हणजे ऑडिओने कॅरिअर किती हलतो ते; ते शंभर टक्के झालं, म्हणजे जोरदार द्रुत तान किंवा ऑर्केस्ट्राचा कळस, तर साइडबँडमध्ये जास्तीत जास्त ५ किलोवॅट जातात. आता विलंबित ख्यालाच्या आधीचा आलाप घ्या, गायक मंद्रात हळूच षड्ज लावतोय, हा आवाज त्या कळसापेक्षा ४० डेसिबल खाली असू शकतो. चाळीस डेसिबल खाली म्हणजे मॉड्युलेशन १ टक्का. साइडबँडची पॉवर मॉड्युलेशनच्या वर्गाच्या प्रमाणात चालते, त्यामुळे हिशोब केला तर त्या क्षणी गाण्याच्या वाट्याला येतो अर्धा वॅट. १० किलोवॅटचा कॅरिअर, हॉलमध्ये ब्लोअर घोंघावतायत, मीटरवर विजेचं चक्र चालूच आहे, आणि गाणं बाहेर जातंय अर्ध्या वॅटवर. मॉड्युलेशन मीटरच्या समोर बसलं की आलापात सुई शून्याच्या खुंट्याला चिकटलेली दिसते, नवीन पोरं घाबरून स्टुडिओला फोन करतात की ऑडिओ तुटला का.

हा अर्धा वॅट श्रोत्याच्या घरी पोचतो तेव्हा त्याच्या वाटेत काय काय असतं? एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, फोनचे चार्जर, टीव्ही, लॅपटॉपचा अडॉप्टर, सोलरचे इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर. ही सगळी स्विचिंगवर चालणारी यंत्रं आणि त्यांचा कचरा नेमका अर्ध्या ते दीड मेगाहर्ट्झच्या आसपास भरपूर पडतो, म्हणजे बरोब्बर मिडियम वेव्हवर. १९५० साली घरात असलं काही नव्हतं, एक बल्ब आणि फार तर पंखा. तेव्हा फील्ड, म्हणजे तिथे पोचणाऱ्या सिग्नलची ताकद, अर्धा मिलिव्होल्ट प्रति मीटर असली की गावाकडे मजेत ऐकू यायचं, आणि अमेरिकेच्या नियमांत अजूनही गावासाठी ०.५, वस्तीसाठी २ आणि शहरासाठी ५ मिलिव्होल्ट प्रति मीटर हे आकडे दिसतात. आज दाट वस्तीच्या इमारतीत पाच मिलिव्होल्टवर बातम्या ठीक येतात, पण आलाप ऐकणं म्हणजे मिक्सर चालू असताना कुजबुज ऐकण्यासारखं आहे. माझ्या अनुभवात शहरी घरात शांत संगीत सुखाने ऐकायचं तर त्याच्या चौपट-पाचपट तरी फील्ड पाहिजे, आणि तेवढी फक्त मास्टच्या जवळच्या पट्ट्यात मिळते.

बोलण्याचं तसं नसतं. निवेदक बोलतो तेव्हा आवाज सतत वरच्या पातळीत असतो, मध्ये खरखर आली तरी मेंदू शब्द जोडून घेतो. क्रिकेटची कॉमेंट्री म्हणूनच एएमवर झकास चालते. पॉप गाणीही चालतात कारण ती रेकॉर्डिंगमध्येच दाबून सपाट केलेली असतात. शास्त्रीय संगीत हा एकच प्रकार असा की ज्याचा अर्धा जीव हळू आवाजात आहे.

एक उदाहरण जवळून बघा. सतारीवर मींड. वादक तार एकदाच छेडतो आणि मग ती खेचत खेचत तीन-चार स्वरांवरून नेतो, पण छेडल्या क्षणापासून तारेचा आवाज उतरत चाललेला असतो, म्हणजे मींड ज्या स्वरावर जाऊन टेकायची, जिथे रागाचा सगळा भाव आहे, तिथे पोचेपर्यंत आवाज सगळ्यात बारीक झालेला असतो. चांगल्या एफएमवर ते टोक ऐकू येतं. एएमवर आघात ऐकू येतो, मींड सुरू झालेली ऐकू येते आणि टोक खरखरीत बुडतं. संतूरचंही तेच, आघात स्वच्छ, आस म्हणजे मागे रेंगाळणारा नाद गायब. सरोदचं जरा बरं. बासरी आणि सनई मात्र छान येतात कारण फुंक चालू आहे तोवर आवाज टिकतो, सारंगी आणि हार्मोनियमही त्याच कारणाने. वाद्य तार सप्तकात आहे की मंद्रात याच्यापेक्षा त्याचा आवाज टिकतो की विरतो याला एएमवर जास्त महत्त्व आहे, आणि ही गोष्ट पाच किलोहर्ट्झवाल्या लोकांच्या लक्षातच येत नाही.

जाता जाता एक, एडविन आर्मस्ट्राँगने एफएम शोधलं, पेटंटं मिळाली १९३३ मध्ये, ते मुळात आकाशातल्या विजेची खरखर घालवायच्या ध्यासातून. उंच स्वरांची भर ही त्याच्याबरोबर आलेली बक्षिसी.

मग लोक म्हणतात की कॉम्प्रेसर लावा, हळू आवाज वर उचला, झालं काम. लावावाच लागतो, त्याशिवाय एएमवर शास्त्रीय चालतच नाही, पण कसा लावता त्यावर सगळं आहे. टॉक स्टेशनसाठी सेट केलेला प्रोसेसर, म्हणजे ज्यात हा कॉम्प्रेसर असतो ते यंत्र, तसाच ठेवलात तर काय होतं सांगतो. गायक सम घेऊन थांबला की दोन सेकंदांत प्रोसेसर गेन, म्हणजे आवाजाची वाढ, वर ओढतो आणि तानपुरा फुगत फुगत गायकाएवढा मोठा होतो, मग गायकाने पुढची जागा घेतली की धप्पकन खाली बसतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही पण डोकं दुखतं. त्यात मल्टिबँड, म्हणजे खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे दाबणारा, असेल तर तबल्याचा बायाँ घुमला की फक्त खालचा पट्टा दबतो आणि प्रत्येक मात्रेला गायकाचा रंग बदलतो.

माझी पद्धत अशी की पहिलं काम माणसाने करायचं. रेकॉर्डिंग आधी ऐकायचं, आलाप आणि विलंबितचा भाग फेडरने आठ-दहा डेसिबल वर घ्यायचा, पुढे लय वाढेल तसा इतक्या सावकाश उतरवायचा की कुणाला कळू नये, एका आवर्तनात एक डेसिबलपेक्षा जास्त नाही. हल्ली हे आधीच एडिटरमध्ये करून ठेवता येतं, रात्री जागायची गरज नाही. त्यानंतर एक संथ एजीसी, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय, ज्याला गेन वर न्यायला दहा-वीस सेकंद लागतील आणि ठराविक पातळीखाली जो गोठून राहील, म्हणजे शांततेत तानपुरा फुगणार नाही. आणि सगळ्यात शेवटी फक्त पीक लिमिटर, म्हणजे टोकाचे आवाज अडवणारा, तोही जेमतेम लागेल असा. एवढं केलं की मूळच्या चाळीस-पन्नास डेसिबलच्या चढउतारातले पंधरा-अठरा शिल्लक राहतात. कमी वाटतात, पण तेवढ्यात गाण्याचा चढता आलेख कळतो. दहाच्या खाली गेलात तर मग ते गाणं लिफ्टमधल्या संगीतासारखं लागतं, नका करू.

ट्रान्समीटर जरा नवा असेल तर त्यात वीज वाचवायची एक सोय असते, आवाजाप्रमाणे कॅरिअर कमी-जास्त करायची. अमेरिकेने २०११ मध्ये त्याला मोकळीक दिली, युरोपात आधीपासून होतं. ह्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही उलट दिशेने चालतात. एकात आवाज हळू झाला की कॅरिअर खाली येतो. दुसऱ्यात, जो बीबीसीने काढला, हळू आवाजात कॅरिअर पूर्ण राहतो आणि जोरात आवाज आला की खाली येतो. शास्त्रीय संगीताला पहिला प्रकार म्हणजे विष, कारण आलाप आला की कॅरिअर पडतो, सेटचा एजीसी गेन वाढवतो आणि खरखर उसळून वर येते, नेमकी नको तिथे. दुसरा चालतो, कारण जोरात वाजत असताना वाढलेली खरखर त्या आवाजाखाली झाकली जाते. जुन्या मालकांनी कुठला चालू ठेवलाय ते विचारा, कारण बातम्यांच्या स्टेशनवर पहिला बसवून ठेवलेला असू शकतो आणि त्यांना कधी फरक जाणवलेलाही नसेल.

आता रात्रीचा प्रश्न. दिवसा मिडियम वेव्ह जमिनीला धरून जाते, आकाशात गेलेला भाग आयनोस्फिअरचा, म्हणजे वरच्या विद्युतभारित हवेचा, डी थर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वर गेलेल्या लहरी आयनोस्फिअरवरून परत खाली यायला लागतात. लांबच्याला मजा, पाच-सातशे किलोमीटरवरून पत्र येतात की आम्ही ऐकलं. पण मास्टपासून साधारण शंभर किलोमीटरच्या आसपास एक कडं असतं, तिथे जमिनीवरून आलेली आणि आकाशातून आलेली लहर सारख्याच ताकदीच्या होतात आणि एकमेकींना खातात. नुसता आवाज कमी-जास्त झाला असता तर चाललं असतं, पण इथे चॅनेलमधला एखादाच बारीक पट्टा खाल्ला जातो आणि तो खड्डा सरकत राहतो. सरकत सरकत तो कॅरिअरवर आला की कॅरिअर गायब आणि साइडबँड शाबूत, साध्या सेटच्या डिटेक्टरला, म्हणजे ऑडिओ वेगळा काढणाऱ्या भागाला, वाटतं मॉड्युलेशन तीनशे टक्के आहे, आणि गायकाचा आवाज फाटून चिरकतो, मग पाच-दहा सेकंदांत परत नीट. सिंक्रोनस डिटेक्टरवाला, म्हणजे कॅरिअर स्वतःच बनवून घेणारा, सेट असेल तर हे बरंच सावरतं, पण असा सेट शौकीन लोकांकडेच असतो. अर्ध्या तरंगलांबीहून थोडे उंच मास्ट हे कडं दूर ढकलतात, पण तुमच्याकडे तसा मास्ट असण्याची शक्यता कमी.

ह्यातली गंमत अशी की दरबारी, मालकंस, बागेश्री, म्हणजे संथ, मंद्रातले, शांततेचे राग सगळे रात्रीचे, आणि मिडियम वेव्हची रात्र ही सगळ्यात वाईट वेळ. सकाळचं उलट आहे. सकाळी आठ-नऊनंतर डी थर पक्का बसलेला असतो, जमिनीची लहर स्थिर असते, तोडी-जौनपुरी काय सुंदर येतात. मी असतो तर सकाळ-दुपारचं वेळापत्रक भरगच्च ठेवलं असतं आणि रात्री उशिरा मुलाखती, रसग्रहण, घराण्यांवरच्या गप्पा असं बोलण्याचं जास्त ठेवलं असतं, मध्ये मध्ये दहा मिनिटांचे तुकडे वाजवून. रागसमयाच्या आग्रही मंडळींना हे रुचणार नाही, पण आयनोस्फिअर कुणाचं ऐकत नाही.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर स्वर जातात, शब्द जातात, रंग थोडा उडतो, खरी लढाई शांत जागांची आहे, आणि ती तुमच्या प्रोसेसिंगवर, श्रोत्याच्या घरातल्या खरखरीवर आणि घड्याळावर अवलंबून आहे.

आणखी एक प्रकार एएमला फार मानवतो तो म्हणजे जुनी रेकॉर्डिंग्ज. गौहरजानच्या पहिल्या तबकड्या १९०२ च्या, त्या काळापासून १९२५ च्या आसपास मायक्रोफोन येईपर्यंतचं सगळं भोंग्यात गाऊन ध्वनिमुद्रित झालेलं, त्यात अडीच-तीन किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नाहीच, आणि भोंग्यात गायचं म्हणून कलाकार एका पातळीत, जोरात गायलेत. म्हणजे चढउतार कमी, पट्टा अरुंद, वेळ तीन-चार मिनिटं. एएमसाठी शिवून दिल्यासारखं. तबकडीची टकटक आधी सॉफ्टवेअरने काढा, नाहीतर खरखरीवर खरखर चढते. अशा संग्रहाचा तास एफएमवरही काही जास्त देणार नाही. ह्याउलट मोठ्या ऑर्केस्ट्राची सिंफनी, हार्प्सिकॉर्ड, संतूर-तबला जुगलबंदी, हे एएमवर लावून कलाकारावर अन्याय करू नका.

हे सगळं झालं आवाजाचं. पण खरं सांगायचं तर जगभर शास्त्रीय संगीत एएमवरून गेलं ते नुसतं आवाजामुळे नाही. बीबीसी रेडिओ ३ चा १२१५ किलोहर्ट्झ १९९२ मध्ये काढून घेतला आणि पुढच्या वर्षी तिथे रॉक वाजायला लागला. डब्ल्यूक्यूएक्सआरच्या एएम फ्रिक्वेन्सीवरून शास्त्रीय संगीत १९९२ मध्येच उतरलं, एफएमवर राहिलं. जर्मनीच्या डॉइचलांडफुंकने २०१५ संपताना मिडियम वेव्ह पूर्ण बंद केली, जपानमधली बरीचशी खाजगी एएम केंद्रं २०२८ पर्यंत एफएमवर जायच्या तयारीत आहेत. आकाशवाणीने २०१६ मध्ये रागम सुरू केलं, चोवीस तास शास्त्रीय, ते मुख्यतः डीटीएच आणि इंटरनेटवरून. ज्याला शास्त्रीय संगीत मनापासून ऐकायचंय त्याला बहुतेक ठिकाणी आता दुसरा रस्ता आहे, आणि एकदा माणसाने स्वच्छ आवाज ऐकला की तो परत येत नाही.

त्यात सेट. फोनमध्ये मिडियम वेव्ह नाही आणि येणारही नाही, अँटेनाच्या फेराइट रॉडला जागा लागते आणि फोनचं स्वतःचं सर्किटच भयंकर खरखर करतं. इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये काही कंपन्यांनी एएम काढून टाकलं, मोटरच्या इन्व्हर्टरमुळे नीट येत नाही म्हणून, अमेरिकेत त्यावर २०२३ मध्ये संसदेत विधेयक आणायची वेळ आली. डिजिटलचं म्हणाल तर मिडियम वेव्हवर डीआरएम ही डिजिटल रेडिओची पद्धत आहे, अमेरिकेत २०२० पासून पूर्ण डिजिटल एएमलाही परवानगी आहे, खरखर शून्य, पण वीसेक किलोबिटमध्ये जे बसेल ते, आणि सिग्नल कमी पडला की आवाज एकदम बंद. तांत्रिकदृष्ट्या तुमच्या दुखण्यावर नेमकं औषध आहे, फक्त तुमच्या श्रोत्यांपैकी किती जणांकडे असा रिसीव्हर आहे ते मोजा, मी पुढे काही बोलत नाही.

खर्चाचं एक गणित डोक्यात ठेवा. १० किलोवॅटचा सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचा, ट्रान्समीटर ८५ टक्के कार्यक्षमतेने धरला तरी मॉड्युलेशन आणि कूलिंग मिळून ताशी तेरा-चौदा युनिट, चोवीस तासांचे तीनशेच्या वर. दिवसाला. जुना व्हॉल्व्हचा असेल तर त्याच्या किती पुढे जाईल ते बिल बघूनच कळेल. शिवाय मास्टखाली जमिनीत गाडलेल्या तांब्याच्या तारांचं जाळं, ते कुजतं आणि चोरीलाही जातं, गेलं की कव्हरेज गुपचूप आक्रसतं आणि पॅनलवर सगळं हिरवंच दिसत राहतं.

मग एएमच्या बाजूने उरलं काय? उरलं आहे, आणि ते थोडं नाही. एका मास्टवरून शे-दीडशे किलोमीटर दिवसा व्यापता येतं, डोंगराआड, दऱ्याखोऱ्यांत, जिथे एफएमची सरळ रेषेत जाणारी लहर पोचत नाही. लाखावा श्रोता जोडला तरी खर्च तेवढाच, स्ट्रीमिंगसारखा माणसागणिक वाढत नाही. दोन सेलवर चालणारा सेट महिनोन्महिने चालतो. आणि गावाकडे, जिथे घरं लांब लांब आहेत, तिथे खरखर शहरापेक्षा कितीतरी कमी. मजा म्हणजे तुमच्या एएमवर शास्त्रीय संगीत सगळ्यात चांगलं ऐकू येणार ते शहरातल्या जाणकाराला नाही, शेतावरच्या घरातल्या माणसाला.

म्हणून माझं मत असं. तुमचा श्रोता शहरात असेल, त्याच्या हातात फोन आणि घरात नेट असेल तर हे केंद्र घेऊ नका, तेच पैसे चांगल्या रेकॉर्डिंगवर आणि स्ट्रीमवर घाला. श्रोता लांब पसरलेला असेल, नेट महाग किंवा तुटक असेल, घरात अजून सेट असतील, आणि तुमच्याकडे गायकी, जुना संग्रह आणि चांगलं बोलणारी माणसं असतील तर घ्या, खुशाल घ्या, आणि स्ट्रीम बरोबर चालवा म्हणजे वादकांची नाजूक रेकॉर्डिंग्ज तिथे पूर्ण उतारचढावासकट ऐकवता येतील. दोन्हीकडे एकच प्रोसेसिंग पाठवू नका फक्त, स्ट्रीमला एएमचा दाबलेला ऑडिओ देणं हा सर्रास दिसणारा आळस आहे.

सही करायच्या आधी दोन गोष्टी करून बघा. एक, साधा स्वस्तातला पोर्टेबल सेट घेऊन तुमच्या संभाव्य श्रोत्यांच्या घरी संध्याकाळी सात ते नऊ जा, दिवे-टीव्ही चालू असताना, आणि आत्ता त्या फ्रिक्वेन्सीवर जे चालू आहे ते ऐका. बोलणं ऐकू नका, दोन वाक्यांमधली फट ऐका. त्या फटीत खरखर स्पष्ट येत असेल तर तिथे आलाप जगणार नाही. सेट आडवा फिरवून बघा, आतला रॉड दिशा धरतो, कधी कधी पाव वळसा फिरवला की खरखर निम्मी होते, मग श्रोत्यांना हे शिकवता येईल. असं दहा-बारा घरांत केलंत की नकाशापेक्षा खरं चित्र मिळतं.

दुसरी गोष्ट मास्टची. फ्रिक्वेन्सी बँडच्या खालच्या टोकाला असेल तर तरंगलांबी पाचशे मीटरच्या वर जाते, पाव तरंगलांबीचा मास्ट म्हणजे सव्वाशे-एकशे चाळीस मीटर उंची, आणि पैसे वाचवायला तिथे आखूड मास्ट उभा केलेला असला तर तो फक्त कॅरिअरला नीट जुळतो, दोन्ही बाजूचे साइडबँड परत फेकतो, म्हणजे तुमचा आधीच अरुंद ऑडिओ अजून अरुंद. विकणाऱ्यांकडून अँटेना सिस्टिमचा इम्पीडन्स स्वीप, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना ती किती जुळते याचं मोजमाप, मागा, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना १० किलोहर्ट्झपर्यंतचा, ताजा, जुन्या फाइलीतला नको. टोकाला व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना किती सिग्नल परत फेकते त्याचा आकडा, १.४ च्या आत असेल आणि दोन्ही बाजू सारख्या असतील तर मास्ट संगीताच्या लायकीचा आहे. दोनच्या वर गेला किंवा एक बाजू चांगली आणि दुसरी वाईट निघाली तर ट्यूनिंग हट, म्हणजे मास्टखालची जुळणीची खोली, नव्याने करायचा खर्च किमतीतून वजा करून मागा, आणि स्वीप द्यायलाच टाळाटाळ करत असतील तर तिथूनच परत फिरा.